सात मेची सायकल

एप्रिल सरत आला की
वॉर्ड कचेरीतला ह्वाक सायकल आणून टेकवतो
माझ्या दुकानाच्या भिंतीला.
"सात तारखेला मिरवणूक. चाकं फिरली पाहिजेत, बस्स."
चाकं फिरतात.
मी गंज खरवडतो, आऱ्या ओढून घेतो,
साखळी काढून खिळ्याला अडकवतो.
या सायकलीवर कुणी बसलंच नव्हतं म्हणतात,
फक्त ढकललं, थान्ह होआपासून पार दिएन बिएन फूपर्यंत.
हँडलला एक बांबू आडवा, सीटच्या नळीत एक उभा,
दोन्ही अंगांना पोती,
पोत्यांत थर्माकोल,
वर लाल शाईत: तांदूळ.

यंदा न्यानबाई आल्या.
नव्वदी उलटलेली, कानाला यंत्र,
पायात नातवाचे असावेत असे मोठे सँडल.
नमस्कार नाही, चमत्कार नाही,
सरळ मागच्या टायरवर अंगठा दाबला
आणि म्हणाल्या, "बांबू उजवीकडे कोणी बांधला?"

मी बांधला होता. सहा वर्षं तसाच बांधत होतो.

"आम्ही डावीकडून चालायचो.
डावा हात बांबूवर, उजवा मागच्या दांड्यावर.
उजवीकडे बांधलास तर दरी कुणाच्या अंगाला?"

मी गाठी सोडल्या.
त्या स्टुलावर बसून राहिल्या.
सोल्युशनची ट्यूब उघडून वास घेतला,
झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

"हे नव्हतं आमच्याकडे.
ट्यूब फुटली की विजारीचा पाय फाडायचा,
चिंधीवर चिंधी गुंडाळून टायरात कोंबायची.
फा दिन घाट चढले तेव्हा
माझी विजार गुडघ्यापर्यंत आली होती.
रात्री चालायचं, दिवा नाही,
पुढच्याच्या पाठीला पांढरं फडकं, तेवढंच दिसणार.
दिवसा झाडाखाली पडायचं, वर विमानं.

मग एका सकाळी खालून कुणीतरी ओरडत आलं,
जिंकलो, जिंकलो!
दोन दिवस जुनी झाली होती बातमी, आम्हाला काय ठाऊक.
सगळ्यांनी सायकली झाडांना टेकवल्या.
ल्वान नाचली, तो तोतरा नाचला,
आमचा हिशेबनीस वही डोक्यावर धरून नाचला.
मी उतारावर होते.
जवळ झाड नाही, पाचर नाही, पोत्यांत चार मण तांदूळ.
सोडलं असतं तर सगळं दरीत.
जिंकलो तेव्हा, पोरा,
माझे दोन्ही हात गुंतलेले होते."

ह्वाक मागे येऊन उभा होता, त्याने फोनवर टिपलं.
म्हणाला, "वा बाई, हेच बोला मंचावर,
फक्त ते विजारीचं वगळा."
त्या ऐकू न आल्यासारख्या बसल्या.
यंत्र चालू होतं, हिरवा दिवा मी पाहिला.

मग मला विचारलं,
"त्या तांदळाचं पुढे काय झालं, विचारत नाहीस?"
विचारलं.
"पोचवला. लढाई संपली तरी माणसं जेवतातच की.
कैदीही जेवले त्यातलं.
वजनात दीड मूठ कमी भरला,
ती वाटेत मी कच्ची चावली होती.
हिशेबनीसाने लिहिलं: उंदीर."
आणि इतक्या हसल्या
की यंत्र कानातून निसटून मांडीवर पडलं.

सात तारखेला बँड वाजला, भाषण झालं.
शाळेतला एक मुलगा सायकल ढकलत होता, दोन बोटांनी,
आणि ती सारखी वाकडी जात होती,
एकदा तर ढोलवाल्याच्या पायावर.
लोक हसले. ह्वाक माझ्याकडे बघायला लागला,
जणू माझ्या कामातच खोट.
मंडपात न्यानबाई दुसऱ्या रांगेत,
छातीवर पदक, हात मांडीवर,
मुठी अर्धवट वळलेल्या,
जशा दुकानात होत्या, जशा बहुधा झोपेतही असतील.

सायकल मी परत नेली, रात्री, चालत,
डावा हात बांबूवर.
त्यांनी जाता जाता सांगितलं होतं ते तेव्हा कळलं:
भरलेली सरळ जाते रे.
रिकामीच सांभाळावी लागते.